बायंडिंग आणि प्रोटोकॉलचे डॉक्युमेंटेशन : लिहायला बसण्यापूर्वीची तयारी

आधी प्रोटोकॉल (सर्व्हर आणि क्लायंटने एकमेकांशी बोलण्याचे नियम), मग बायंडिंग (एकच लायब्ररी वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांतून वापरता यावी म्हणून लिहिलेला जोडकोड). हा क्रम उलटला की प्रत्येक भाषेच्या पानावर एकच नियम थोडा वेगळा उतरतो आणि खरा कोणता, ते शेवटी कोडमध्येच शोधावे लागते.

सर्व्हर आणि क्लायंटमधला खरा संवाद वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचा डेटा टिपून दाखवणारे साधन) पकडून समोर ठेवा. आठवणीतून बाइट लिहू नका. टीसीपी (नेटवर्कवर बाइट क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) संदेशांच्या सीमा पाळत नाही, एका रीडमध्ये अर्धा संदेश येईल किंवा दीड. म्हणून लांबीचे फील्ड किती बाइटचे, त्यात हेडर (संदेशाच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) धरला आहे का, कमाल लांबी किती आणि बाइटचा क्रम कोणता, हे ठरवून घ्या. चार बाइटच्या फील्डमध्ये ३०० ही लांबी बिग-एंडियनमध्ये (मोठ्या किमतीचा बाइट आधी) ०, ०, १, ४४ अशी जाते. लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी) समजून वाचणाऱ्याला तीच ७३,८२,६३,०४० दिसते आणि तो तेवढी मेमरी मागत बसतो. असे एक उदाहरण बाइटसकट द्याच. स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये मोजायची की अक्षरांत, हेही लिहा : ‘मराठी’ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) १५ बाइट घेते, पण जावातली किंवा पायथॉनमधली लांबी ५ येते (काना आणि वेलांटी वेगळी मोजून).

हँडशेकमधले (कनेक्शन जुळतानाच्या पहिल्या देवाणघेवाणीतले) व्हर्जन, टाइमआउट आणि अनोळखी प्रकारचा संदेश आल्यास काय करायचे, हे टिपून घ्या. प्रत्येक एरर कोडपुढे ‘पुन्हा प्रयत्न करावा की कनेक्शन बंद करावे’ हा रकाना हवा. वाचणारा बहुतेक वेळा तेवढ्यासाठीच आलेला असतो.

बायंडिंगसाठी डेटा टाइपचा तक्ता करा. ६४-बिटचा आयडी जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे बिनबोभाट बदलू शकतो, तिथे बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) किंवा स्ट्रिंग लागते. जावाच्या इंटमध्ये २१४७४८३६४७ पेक्षा मोठी अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेली) किंमत ऋण दिसते.

सर्वांत जास्त जागा मेमरीच्या मालकीला द्या. फंक्शनने परत दिलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) कोणी मोकळा करायचा आणि कशाने? लायब्ररीचे स्वतःचे फ्री फंक्शन असेल तर तेच वापरायला सांगा. विंडोजवर दोन वेगळे सी रनटाइम (सी भाषेची मूळ लायब्ररी) एकत्र आले की सीचे साधे फ्री फंक्शन प्रोग्रॅम पाडू शकते. पायथॉनच्या सीटाइप्समध्ये (सी लायब्ररी वापरण्याचे मॉड्यूल) कॉलबॅकचा (लायब्ररीने नंतर बोलवायच्या आपल्या फंक्शनचा) रेफरन्स जपून ठेवला नाही, तर तो ऑब्जेक्ट नाहीसा होतो आणि क्रॅश नंतर कधीतरी, भलत्याच ओळीवर दिसतो. कॉलबॅक कोणत्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामावर) येतो, हे प्रत्येक भाषेच्या पानावर वेगळे नमूद करा.

उदाहरणे पानात चिकटवू नका. ती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक बिल्डला (कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना) खऱ्या सर्व्हरवर चालवा आणि पानात तिथूनच ओढा.