केमोच्या दिवसांत तपासणीसाठी रक्त देताना आणि केस गळताना
पुढच्या केमोच्या एक-दोन दिवस आधी बहुधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी असते. तिला उपाशी राहावं लागत नाही. पाण्यावर बंधन नसेल तर निघताना दोन पेले पाणी प्या, हात उबदार ठेवा. गारठ्याने शीर दबते आणि सुई दोनदा टोचली जाते. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात पुढे करू नका. नंतर कापूस पाच मिनिटं दाबून धरा, चोळलात की काळंनिळं होतं. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर जास्तच.

केस सगळ्याच औषधांनी जात नाहीत, आधी विचारा. जाणारच असतील तर पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसतात. त्याआधीच ट्रिमरने बारीक करून घ्या. वस्तरा नकोच: जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधं कापलेलंही चिघळतं.