स्टोन-पौंडातलं वजन किलोत आणताना होणारी चूक आणि तिची दुरुस्ती

ब्रिटनमधल्या वजनकाट्यावर '११:५' दिसलं की ते साडेअकरा स्टोन नव्हे, ११ स्टोन ५ पौंड. एका स्टोनमध्ये १० नाही, १४ पौंड असतात. माझ्या वजनाच्या तक्त्यात हाच आकडा ११.५ असा भरला गेला आणि ७२.१२ किलोऐवजी ७३.०३ किलो आले. जवळजवळ एक किलोचा फरक!

उपाय म्हणून स्टोन आणि पौंडांसाठी दोन वेगळे रकाने केले. स्टोन गुणिले १४, त्यात पौंड मिळवायचे, मग बेरजेला ०.४५३५९२३७ ने गुणायचं. ११ × १४ + ५ = १५९ पौंड, म्हणजे ७२.१२ किलो. पूर्णांकात आणायचं ते शेवटी, मधल्या पायरीवर नाही.

उलट जाताना किलोला ०.४५३५९२३७ ने भागा. ७२ किलोचे १५८.७३ पौंड होतात. त्यातून ११ स्टोनचे १५४ वजा केले की ४.७ पौंड उरतात.

तोंडी हिशोबाला पौंडांचे निम्मे करून त्यातून त्या निम्म्याचाच दहावा भाग वजा करा. उत्तर साधारण ०.८ टक्के कमी येतं. औषधाच्या मात्रेसाठी मात्र हा अंदाज अजिबात वापरू नका.

बऱ्याच डिजिटल काट्यांच्या तळाशी एकक बदलायचं बटण असतं. सोय असेल तर सरळ किलोवरच ठेवा.