भाड्याच्या फ्लॅटला फरशी घेताना

चिंचवडचा आमचा वन बीएचके बरीच वर्षं भाड्याने आहे. बेडरूमला मी हौसेने लाकडासारखं लॅमिनेट घातलं होतं. एका उन्हाळ्यात भाडेकरूचा कूलर रात्रभर गळला आणि सकाळी पट्ट्या पापडासारख्या फुगलेल्या. डिपॉझिटवरून वाजलं ते वेगळंच.

आता मी डबल चार्ज व्हिट्रिफाइड टाइलच घेते. त्यात रंगाचा थर 3-4 मिमी जाड असतो, त्यामुळे कपाट ओढलं तरी खालचा दुसरा रंग उघडा पडत नाही. छापील नक्षीच्या टाइलवर नक्षी वरवरच असते. कोटा, शहाबादी टिकते, पण दोन्ही चुनखडीचे दगड. संडासाचं ॲसिड सांडलं की पॉलिश गेलं, आणि भाडेकरू फरशीवर ॲसिड टाकतातच! टाइलचा रंग घ्यावा राखाडी किंवा बदामी, बारीक ठिपक्यांचा. पांढऱ्यावर केस दिसतात, काळ्यावर धूळ.

मापात मात्र फसायला होतं. ‘दोन बाय दोन’ची टाइल असते 600 मिमीची, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ एक सेंटीमीटर कमी. 10 बाय 12च्या खोलीला हिशेबाने 30 टाइल लागतात, पण सांधे धरूनही दोन भिंतींकडेला चार-पाच सेंटीमीटरची फट उरते. ती पट्टी दारासमोर आली की डोळ्यांत खुपते; मिस्त्रीला आधीच सांगून कपाटाच्या बाजूला घ्यायला लावा. कापाकापी, तूटफूट धरून मी चार-चारचे 9 बॉक्स घेते. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते टेम्पोतून उतरवतानाच बघायचं. एकदा बसवल्यावर दुकानदार ऐकून घेत नाही.

स्वयंपाकघरात सांध्यांना एपॉक्सी (डाग न धरणारा राळेचा भराव) भरा. महाग पडतं, पण व्हाइट सिमेंट हळद-तेलाने वर्षभरात पिवळं-काळं होतं. बाथरूमला एक फुटाची खरखरीत टाइल बरी, छोटी असल्याने ढाळ नीट निघतो. जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल तर दारं खालून तासावी लागतील, तो सुताराचा खर्च धरा. मिस्त्रीचे पैसे चुकवण्याआधी नाणं घेऊन प्रत्येक टाइल ठोकायची. पोकळ वाजली तर खाली माल नीट भरलेला नाही, ती काढायला लावायची.

उरलेल्या टाइल मी बॉक्ससकट माळ्यावर ठेवते. गेल्या वर्षी सिलिंडर आपटून एक फुटली, तेव्हा शेजारच्यांनी रंग जुळवायला अख्खं मार्केट पालथं घालायचा सल्ला दिला. मी स्टूल मागवलं.