कोल्ह्या-खोकडापासून परसातल्या कोंबड्या कशा राखाव्यात

हिंगणा, बेसा, कामठी, कळमेश्वर अशा नागपूरलगतच्या भागांत घरामागे दहा-वीस कोंबड्या पाळणारी बरीच कुटुंबे आहेत आणि सकाळी खुराडे रिकामे दिसले की त्यांच्या तोंडी पहिले नाव कोल्ह्याचे येते. हे नाव अनेकदा अर्धवट खरे असते. आपल्याकडे गोष्टींतल्या द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या प्राण्यालाही कोल्हाच म्हणतात, त्यामुळे कोल्हा आणि खोकड हे दोन वेगळे प्राणी आहेत हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोल्हा साधारण आठ ते अकरा किलो वजनाचा, गावठी कुत्र्यापेक्षा थोडा लहान आणि करड्या-तांबूस रंगाचा असतो. खोकड दोन ते चार किलोंचे, सडपातळ, मोठ्या कानांचे, आणि त्याची झुपकेदार शेपटी टोकाला काळी असते. खोकडाचे मुख्य खाणे उंदीर, सरडे, किडे, वाळवी आणि बोरे हे असल्यामुळे ते पिल्ले आणि लहान तलंगा उचलते, पण भरल्या अंगाच्या कोंबड्याच्या वाटेला सहसा जात नाही. अंड्यावरची मोठी कोंबडी अखंड उचलून नेणारा प्राणी बहुतेक वेळा कोल्हा असतो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण प्राण्याच्या स्वभावाला धरूनच आहे, कारण काकडी, बोर, उंदीर, मेलेले जनावर, उकिरड्यावरचे शिळे अन्न यांपैकी जे कमी कष्टात मिळेल ते तो खातो. पुढचा सगळा बंदोबस्त या एका गोष्टीवर उभा आहे. कोंबडी मिळवण्याचे कष्ट वाढवले, तर कोल्हा उंदरांकडे वळतो.

आधी चोर ओळखावा

खर्च करण्यापूर्वी कोणता प्राणी येतो याची खात्री करून घ्यावी, कारण कोल्ह्यासाठी केलेले कुंपण मुंगसाला किंवा घुशीला अडवत नाही. कोल्हा आणि खोकड पक्षी तोंडात धरून दूर नेतात, त्यामुळे खुराड्यापाशी थोडी पिसे आणि त्यापुढे झुडपांच्या दिशेने गेलेली पिसांची तुरळक रेघ एवढेच मागे राहते. मुंगूस मान आणि डोके फोडते आणि मोठे धूड तिथेच टाकून जाते. पिल्ले एकेक करून नाहीशी होत असतील आणि जमिनीत बीळ दिसत असेल, तर घुशीचा संशय घ्यावा. अंडी कवचासकट गायब होत असतील, तर सापाचा घ्यावा. एकाच रात्री सात-आठ कोंबड्या मारून तशाच पडलेल्या दिसल्या, तर तो प्रताप बहुधा मोकाट कुत्र्यांचा असतो. मात्र बंद खुराड्यात शिरलेला कोल्हाही फडफडाट पाहून गरजेपेक्षा जास्त पक्षी मारतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

सर्वांत स्वस्त आणि भरवशाची युक्ती चुलीच्या राखेची आहे. संध्याकाळी खुराड्याभोवती दोन-अडीच फूट रुंदीचा चाळलेल्या राखेचा किंवा बारीक मातीचा पट्टा पसरावा आणि सकाळी कोणी तो तुडवण्याआधी ठसे पाहावेत. रानमांजराच्या ठशात नखे उमटत नाहीत. कुत्र्याचा ठसा गोलसर आणि बोटे फाकलेला असतो, तर कोल्ह्याचा ठसा लांबट असून पुढची दोन नखे एकमेकांजवळ टेकलेली दिसतात. त्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला जोडलेल्या असतात आणि ठसा स्वच्छ उमटला तर तो जोडही दिसतो. खोकडाचा ठसाही लांबट, पण बराच लहान असतो. मोबाइलला जोडलेला छोटा कॅमेरा लावता आला तर उत्तमच, पण राखेने माझे तरी काम कधी अडले नाही.

मारणे हा मार्ग का नाही

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार कोल्हा आणि खोकड हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत आहेत. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात फासा लावणे, पिंजऱ्यात पकडणे आणि विष घालणे हे सारे येते. त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. पकडून दुसऱ्या गावच्या रानात सोडून येणे हाही परवानगीशिवाय गुन्हाच ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी मारण्याने हेतू साधत नाही, कारण मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा कोल्हा येतो आणि कोंबडीच्या आतड्यांत कालवलेले फवारणीचे औषध शेजाऱ्याचा कुत्रा आणि घारही खातात. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या शेतात उंदरांवर वचक ठेवणारा हाच प्राणी आहे, याचा शेतकऱ्याला विसर पडू नये.

खुराडे

बहुतेक खुराडी फसतात ती जाळीच्या निवडीत. बाजारात ‘कोंबडी जाळी’ या नावाने मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, कोल्ह्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कोल्हा ती दाताने ओढून तारेचे वेढे सोडवतो आणि गंजलेली असेल तर पंजानेही फाडतो. तिच्याऐवजी चौकोनी घरांची, सांधे डाक दिलेली वेल्डेड जाळी घ्यावी. तिची तार चौदा गेजची, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीची असावी. एक इंचाच्या घरातून कोल्हा, खोकड आणि मोठे मुंगूस येऊ शकत नाही. घूस आणि सापही अडवायचे असतील, तर खालचे तीन फूट अर्ध्या इंचाच्या घराच्या जाळीने मढवावेत. जाळी चौकटीला खिळे वाकवून बसवू नये. वॉशर घालून स्क्रूने आवळावी, कारण कोल्हा जाळी तोडण्याआधी तिची सैल कड शोधतो.

दुसरी वाट जमिनीखालून असते. परदेशी पुस्तकांतून जाळी दीड-दोन फूट उभी पुरण्याचा सल्ला मिळतो आणि मीही प्रथम तसेच केले. आपल्या काळ्या मातीत तो सल्ला टिकत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. दोन वर्षांत माझी पुरलेली जाळी एका बाजूला वर आली होती, दोन खांब कलले होते आणि भेगेतून उकरायला आयती सुरुवात मिळाली होती. त्यामुळे जाळी जमिनीवर आडवी अंथरावी. चार फूट रुंदीची जाळी मधोमध काटकोनात वाकवून दोन फूट खुराड्याच्या भिंतीला उभी आणि दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरावी, तारेच्या आकड्यांनी ठोकून बसवावी आणि तिच्यावर तीन-चार इंच मुरूम टाकावा. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो. तिथे पंजाला जाळी लागली की तो कडेकडेने प्रयत्न करतो, पण दोन फूट मागे सरकून तिथून भुयार पाडण्याचे त्याला सहसा सुचत नाही. वीस कोंबड्यांना रात्रीसाठी प्रत्येकी दोन चौरस फूट धरून आठ बाय पाच फुटांचे खुराडे पुरते. त्याचा घेर सव्वीस फूट होतो आणि चारही कोपऱ्यांवरचे दोन-दोन फुटांचे चौकोन धरून तीस फूट जाळी लागते. दाराखाली जाळीऐवजी शहाबादी फरशी बसवावी, म्हणजे रोजच्या वर्दळीने मुरूम सरकत नाही.

आता उष्म्याचा प्रश्न. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा सर्व बाजूंनी बंद खुराड्यात कोंबड्या कोल्ह्याविनाच मरतात. म्हणून लोक रात्री दार उघडे ठेवतात. नेमक्या त्याच दिवसांत खोकडाची पिल्ले वाढत असतात, ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जन्मलेली असतात, आणि मोठ्यांना शिकारीची घाई असते. यावर उपाय म्हणजे दोन दारे. बाहेरचे लाकडी किंवा पत्र्याचे दार थंडी-पावसासाठी ठेवावे आणि आतले, वेल्डेड जाळीचे दार बारा महिने लावावे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, भिंतींचा वरचा अर्धा भाग जाळीचा करावा, पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराटीचा थर द्यावा आणि दुपारी जाळीवर ओले गोणपाट टाकून संध्याकाळी ते काढावे. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच खांबांवर बांधले तर वारा खालूनही खेळतो आणि उकरण्याचा प्रश्न उरतच नाही. माझ्या मते ज्याला नवे बांधायचे आहे त्याने उंचावरचेच बांधावे.

साधी कडी नाकाने उचलली जाते आणि धक्क्याने सरकतेही, म्हणून कोयंड्यात स्प्रिंगची क्लिप किंवा निदान वाकवलेली जाड तार अडकवावी.

वेळ

चांगल्या खुराड्यातूनही कोंबड्या जातात, आणि जवळजवळ नेहमी दार लावायला उशीर झाल्यामुळे जातात. नागपुरात जूनच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच. घड्याळ पाहून सात वाजता दार लावण्याची सवय असलेल्या माणसाच्या कोंबड्या हिवाळ्यात रोज दीड तास अंधारात उघड्यावर राहतात, आणि कोल्ह्याच्या फिरण्याची वेळ ती हीच. लग्नसराईत एकदा आम्ही आठ वाजता घरी परतलो, तेव्हा पाच कोंबड्या गेल्या होत्या आणि दार आम्हीच उघडे ठेवले होते. कोंबडीला तिन्हीसांजेला दिसेनासे होते आणि ती आपणहून दांड्यावर चढते, त्यामुळे दाणा संध्याकाळी खुराड्याच्या आतच टाकला तर हाकलण्याचे कष्टही पडत नाहीत. दार लावताना मोजणी करावी. कमी भरलेली कोंबडी बहुधा झुडपात अंड्यांवर बसलेली खुडूक असते आणि तीच सर्वांत आधी जाते. कडुनिंबावर झोपायला जाणाऱ्या गावरान कोंबड्या कोल्ह्यापासून सुरक्षित असतात. रानमांजर आणि घुबड यांच्यापासून नसतात. सकाळी दार पूर्ण उजाडल्यावरच उघडावे.

आवार

दिवसा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांसाठी सहा फूट उंचीचे कुंपण आणि वरच्या टोकाला बाहेर झुकलेली एक फुटाची जाळी पुरेशी होते. बाभळीच्या काट्यांचे कुंपण परंपरेने चालत आले आहे, पण ते वाळले की खालून फटी पडतात. दर पावसाळ्यानंतर बुडाशी नवा थर दिला तरच त्याचा उपयोग असतो. कुंपणाबाहेरची तीस फूट जागा मोकळी ठेवावी. शहराच्या कडेच्या ले-आउटमध्ये वर्षानुवर्षे रिकामे पडलेले प्लॉट, त्यांवरचे गाजरगवत आणि नाल्याकाठची बेशरमाची झुडपे ही कोल्ह्याला दिवसभर लपायला उत्तम जागा असते, आणि शेजारच्या शेतात तूर उभी असेपर्यंत तीही आडोसा देते. शेजाऱ्याची तूर आपण कापू शकत नाही. आपल्या बाजूचे गवत मात्र कापता येते.

सौर ऊर्जेवर चालणारे झटका यंत्र ज्यांना परवडते, त्यांनी जमिनीपासून सहा, बारा आणि अठरा इंचांवर तीन तारा लावाव्यात आणि तारांना गवत टेकू देऊ नये, कारण गवतातून प्रवाह जमिनीत जातो आणि झटका मंदावतो. यंत्र क्षणिक झटके देणारे, प्रमाणित असावे. घरच्या विजेची तार थेट कुंपणात सोडण्याचा प्रकार विदर्भात आजही घडतो; त्यात माणसे मरतात, वाघ मरतात, आणि सोडणारा तुरुंगात जातो.

दिवे, फटाके आणि बुजगावणी यांवर मी फार विसंबत नाही. लुकलुकणारा दिवा काही दिवस काम करतो आणि त्याची जागा बदलत राहिली तर आणखी काही दिवस, पण कोल्हा सरावतो. पाळलेला कुत्रा मात्र खरा उपयोगी ठरतो, तो पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढलेला असला आणि त्याला रेबीज व डिस्टेंपरच्या लसी वेळेवर टोचलेल्या असल्या तर.

कोल्ह्याला बोलावणारी गोष्ट अनेकदा आपणच ठेवतो. कोंबडी कापल्यावर आतडी आणि पिसे मागच्या नाल्यात फेकणे, मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकणे, सांडलेल्या खाद्यावर उंदीर पोसणे, या तिन्ही सवयी सोडाव्यात. मेलेला पक्षी तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा आणि खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवावे.

भर दिवसा झोकांड्या देत चालणारा, माणसाला न बुजणारा किंवा अंगावर येणारा कोल्हा दिसला, तर तो रेबीजचा असू शकतो. त्याला काठीने हाकलायला जाऊ नये. मुले आणि कुत्री घरात घ्यावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी नागपूरचे मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. वन्य प्राण्याच्या चाव्यावर लसीबरोबर बहुधा इम्युनोग्लोब्युलिनही लागते. हळद-चुना लावून थांबू नये.

एखादी कोंबडी गेल्यावर तोच कोल्हा पुढच्या काही रात्री त्याच वाटेने परत येतो. तेवढे दिवस उरलेले पक्षी डालग्याखाली घालून, वर जड दगड ठेवून, घरातल्या न्हाणीत किंवा बंद पडवीत ठेवावेत. रिकाम्या खुराड्याचेही दार नीट लावून ठेवावे, भोवती राख पसरावी आणि तो कोणत्या कोपऱ्यात उकरतो, कोणती कड ओढून पाहतो, हे सकाळी ठशांवरून बघून तेवढा कोपरा आधी दुरुस्त करावा.