ट्रकच्या केबिनमध्ये घरचे गरम जेवण: छोट्या प्लग-इन ओव्हनवर कसे शिजवावे

मुरगाव बंदरावर माल घ्यायला थांबलेला ड्रायव्हर असो की मोल्याहून अनमोड घाट चढून बेळगावला निघालेला, जेवणाची वेळ बहुतेक रस्त्यातच येते. गाड्यावरचा भाजी-पाव किंवा ढाब्यावरची तेलकट भाजी एखाद्या दिवशी बरी वाटते, पण रोज तेच खाल्ले की पोट कुरकुरते आणि खिसाही रिकामा होतो. लायटर सॉकेटला लावायचा, जेवणाच्या डब्याएवढा ओव्हन यावर चांगला उपाय आहे. फक्त तो घरच्या शेगडीसारखा चालत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ प्रवासातच मिळतो.

आधी व्होल्टेज पाहा, मगच ओव्हन घ्या. मोठे ट्रक आणि टिपर साधारणपणे २४ व्होल्टवर चालतात, त्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पिकअप आणि छोटा हत्ती १२ व्होल्टचे. १२चा ओव्हन २४च्या सॉकेटला लावला तर तो चौपट वीज खेचतो आणि कॉइल जळते. काही मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टचे वेगळे सॉकेटही दिलेले असते, म्हणून सॉकेटवरचा आकडा वाचा किंवा गॅरेजमधल्या वायरमनकडून मीटर लावून घ्या.

मग फ्यूज. १०० वॅटचा ओव्हन १२ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेतो, २४ व्होल्टवर ४च्या आसपास. सॉकेटचा फ्यूज त्याहून मोठा हवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे हा जिवाशी खेळ आहे, कारण मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापते. घरातला हजार वॅटचा ओव्हन इन्व्हर्टर लावून लायटर सॉकेटवर चालवायचा विचारही करू नका.

आता हा ओव्हन एवढा मंद का, ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावरच ठरते. अर्धा लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १४७ किलोज्यूल उष्णता लागते. १०० वॅटच्या ओव्हनला, उष्णता जराही वाया गेली नाही तरी, त्यासाठी जवळजवळ २५ मिनिटे हवीत. प्रत्यक्षात झाकणातून आणि भिंतींतून बरीच उष्णता निघून जाते, म्हणून रस्सा उकळायला तास धरूनच चाला. यातून तीन गोष्टी निघतात. डबा सपाट तळाचा आणि रुंद घ्या, कारण उष्णता बहुतेक खालूनच येते. भाज्या बारीक चिरा. आणि झाकण पुन्हा पुन्हा उघडून बघू नका, एकदा उघडले की साठलेली वाफ गेलीच.

वेळेचा हिशोब रस्त्यावरून करा. सकाळी फोंड्याहून निघून दुपारी खानापूरच्या पुढे जेवायचे असेल, तर मोल्यालाच ओव्हन लावून द्या. इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज पुरवत असतो, तेव्हा काळजी नाही. इंजिन बंद करून रांगेत दोन तास ओव्हन चालवला, तर १२ व्होल्टच्या गाडीत १६ अँपिअर-तास निघून जातात. बॅटरी जुनी असेल तर रांग पुढे सरकेल तेव्हा तुमची गाडी सुरू होणार नाही.

पहिला पदार्थ म्हणून मी बांगडा सुचवेन. मध्यम आकाराचे दोन बांगडे घरीच साफ करून, दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, आत-बाहेर रेशाद मसाला भरा. सुक्या मिरच्या, लसूण, जिरे, मिरी, हळद, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगर एकत्र वाटले की मसाला तयार. केळीचे पान गॅसवर फिरवून मऊ करा, बांगडे त्यात गुंडाळा आणि मग वरून फॉइल लावा. हे पान सुगंधापुरते नाही. व्हिनेगर, सोलं, चिंच असल्या आंबट गोष्टी थेट ॲल्युमिनियमला लागल्या तर धातू अन्नात उतरतो आणि चवही बिघडते. पुडी रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी आइसबॉक्समध्ये टाका, म्हणजे बर्फाचे कामही तीच करते. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी मासा सुटलेला हवा, गोठलेला ठेवला तर वेळ दुप्पट लागतो. साधारण सव्वा तास लागेल. अर्ध्या वेळेला गाडी थांबवून पुडी उलटा. मणक्याजवळचे मांस पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटले की झाले. सोबत पोई, म्हणजे गोव्याचा पाव, असेल तर शेवटची दहा मिनिटे तीही फॉइलमध्ये गुंडाळून वर ठेवा.

उकडे तांदूळ मात्र या ओव्हनमध्ये शिजवायच्या भानगडीत पडू नका. शीत, म्हणजे भात, घरून शिजवून न्या, पण लवकर गार करून आइसबॉक्समध्ये ठेवा. मे महिन्यात बंद केबिन भट्टीसारखी तापते आणि तिथे तासन्‌तास राहिलेला भात विषबाधा करू शकतो. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न एक तर थंड ठेवा, नाहीतर वाफ निघेपर्यंत मधोमध गरम करा. नारळाचे हुमण, म्हणजे माशाची आमटी, तर दुपारपर्यंत आंबतेच. ते स्टीलच्या डब्यात गोठवून न्या. डबा ओव्हनमध्ये ठेवताना रबरी गॅस्केट आणि प्लॅस्टिकचे झाकण काढायला विसरू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा अळसांद्यांचे, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचे, तोणाक (रस्सा) उत्तम. अळसांदे रात्री भिजवून घरी मऊ शिजवा, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घाला, गाडीत फक्त उकळी आणायची. खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा, दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, त्यामुळे ते दोन दिवसांच्या फेरीला सोयीचे. सुकी मासळी केबिनमध्ये भाजू नका, वास पडद्यांत बसतो.

डबा तीन चतुर्थांशच भरा, घाटाच्या वळणांवर रस्सा बाहेर येतो. ओव्हन क्लिनरच्या बाजूला जमिनीवर पट्ट्याने बांधा, अंथरुण, पडदे आणि कागदपत्रांपासून दूर. वायर गियर किंवा पॅडलजवळ येता कामा नये. ओव्हनला हात लावायचा तो गाडी थांबल्यावरच, आणि झोपण्याआधी प्लग काढायचा. पेट्रोल किंवा गॅसचा टँकर चालवत असाल तर हा ओव्हन तुमच्यासाठी नाहीच. स्टोव्ह आणि गॅसची शेगडी बंद केबिनमध्ये कोणीच पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

जेवण झाल्यावर ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. आत पाणी ओतू नका, ओल्या फडक्याने पुसा. माशाचा वास राहिला तर लिंबाची फोड फिरवा आणि सुकेपर्यंत झाकण उघडेच ठेवा.