ड्रायव्हरचा लॉफ्ट निवडताना आधी चेंडूची झेप मोजा

काणकोणला राजबागच्या गोल्फ मैदानावर माझी बॅग घेऊन फिरणारा कॅडी फारसा बोलत नसे. एकदा मीच त्याला विचारलं, माझं काय चुकतंय? तो म्हणाला, “सर, बॉल उबनाच. धांवता.” चेंडू उडतच नाही, नुसता पळतो. माझ्या बॅगेत तेव्हा ९ डिग्रीचा ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे होलच्या सुरुवातीला सर्वांत लांब फटका मारायचा क्लब. घेताना दुकानदाराने सांगितलं होतं की १२ डिग्रीचा बायकांनी नाहीतर म्हाताऱ्यांनी वापरायचा, आणि मी ते खरं मानलं. पुढची दोन वर्षं मी ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, स्विंग बदलला. बदलायला हवा होता तो फक्त लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा झुकाव, हे त्या कॅडीच्या तीन शब्दांनी कळलं.

गोव्यात गोल्फ खेळणारे आपण मोजके. राजबागला नऊ होलचं मैदान आहे. मोबोरला बारा होलचं आहे, पण तिथले सगळे होल पार-तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे आखूड, त्यामुळे ड्रायव्हर बॅगेतच राहतो. म्हणून क्लब घेण्याआधी तो मैदानावर मारून बघायची संधी आपल्याला क्वचित मिळते आणि बहुतेक जण आकडा ऐकून खरेदी करतात. खाली लिहिलेली पद्धत मशीनशिवाय करता येते. दोन-तीन सकाळी मोडतील, पण काही हजारांची चूक टळेल.

आधी लॉफ्ट काय करतो ते समजून घ्या

ड्रायव्हरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, सरळ उभा नसतो, किंचित मागे झुकलेला असतो. तो झुकाव म्हणजे लॉफ्ट. दुकानात साधारण ८ ते १२ डिग्रीपर्यंतचे ड्रायव्हर दिसतात, त्यात ९ आणि साडेदहा सर्वांत जास्त. लॉफ्ट वाढला की चेंडू उंच सुटतो आणि मागे फिरण्याचा वेग, म्हणजे बॅकस्पिन, वाढतो. हा स्पिन अगदीच कमी असला तर चेंडू हवेत टिकत नाही, मध्येच गळून पडतो. फार झाला तर पतंगासारखा वर चढतो आणि पुढे जातच नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. लॉफ्ट जास्त असला की चेंडू बाजूला कमी वळतो. फेस थोडा उघडा राहण्याची चूक तीच, पण ९ डिग्रीवर चेंडू झाडीत जातो आणि १२ वर फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला थांबतो. बॅकस्पिन जास्त असल्याने फिरण्याचा अक्ष कमी कलतो, हे त्यामागचं कारण. ज्यांचा चेंडू सतत उजवीकडे वळतो त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

“मर्दाने ९ च्या वर जाऊ नये” ही समजूत आली कुठून? जुन्या काळी ड्रायव्हरचं डोकं लाकडी आणि लहान असे आणि मऊ बलाटा आवरणाचा चेंडू खूप फिरे. तो वर चढू नये म्हणून लॉफ्ट कमी ठेवणं तेव्हा शहाणपणाचं होतं. २००० साली टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही वन हा चेंडू आला आणि ड्रायव्हरवर कमी फिरणारे चेंडू सगळीकडे पसरले. क्लबचं डोकं वाढत गेलं आणि २००४ पासून नियमाने ४६० घनसेंटिमीटरवर मर्यादा आली. चेंडू बदलला, क्लब बदलला, पण सल्ला जुनाच राहिला.

पहिली पायरी: आपली खरी कॅरी मोजा

कॅरी म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर. त्यापुढे घरंगळला तो भाग यात धरायचा नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची जमीन अशी कडक होते की चेंडू टप्पा खाऊन बराच पुढे पळतो. मग कुणीही म्हणतं, मी २३० यार्ड मारले. त्यातले हवेतले किती, हे त्याला ठाऊक नसतं.

खरं माप पावसाळ्याच्या शेवटी मिळतं. चतुर्थीच्या सुमारास पाऊस उघडला की जमीन ओली आणि मऊ असते. चेंडू पडतो तिथेच बसतो. ओल्या गवतात वाकून बघितलं तर वाटीएवढा खळगा दिसतो, त्याच्या कडेला चिखल उसळलेला, आणि चेंडू हातभर अंतरावर. त्या खळग्यापर्यंतचं अंतर ही तुमची कॅरी. लेझरचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर पावलांनी मोजा, पण आधी घरच्या अंगणात टेप पसरून आपलं पाऊल किती लांब पडतं ते बघून घ्या. एक यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर.

रोज खेळता तोच चेंडू वापरा. सरावाचे जुने चेंडू कमी जातात आणि माप चुकवतात. दहा मारा, अगदी वाया गेलेले दोन सोडा, उरलेल्या आठांची सरासरी काढा. सर्वांत लांब गेलेला एक चेंडू धरून बसू नका. त्या एका फटक्यावर क्लब निवडला की उरलेले नऊ बिघडतात.

कॅरीच्या यार्डांना २.३ ने भागलं की स्विंगचा वेग ताशी किती मैल, याचा ढोबळ अंदाज येतो. कॅरी १९५ यार्ड असेल तर वेग सुमारे ८५. फटका मधोमध बसत नसेल तर खरा वेग याहून जास्त निघेल, म्हणून दुसरी पायरी टाळू नका.

दुसरी पायरी: चेंडू फेसवर कुठे लागतो ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या, चेंडूच्या मागच्या बाजूला ठळक ठिपका काढा आणि तो ठिपका फेसच्या समोर येईल असा चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत रोवायच्या खुंटीवर, ठेवा. फटका मारल्यावर फेसवर शाईचा डाग उमटतो. पायाला मारायची स्प्रे पावडर फार्मसीत मिळते, तिनेही काम होतं, पण आपल्या दमट हवेत ती लवकर ओलसर होते. मार्करच बरा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सातपैकी पाच डाग खालच्या कडेजवळ आणि टाचेकडे, म्हणजे क्लबच्या दांड्याच्या बाजूला होते. काळ्या फेसच्या तळाशी एक ओळच उमटली होती, जणू कुणी पेनाने रेघ ओढली. ड्रायव्हरचा फेस वरून खाली किंचित गोलाकार असतो, त्यामुळे तळाशी लॉफ्ट छापलेल्या आकड्यापेक्षा कमी आणि माथ्याजवळ जास्त असतो. शिवाय खाली लागलेला चेंडू जास्त फिरतो, वर लागलेला कमी. म्हणजे ९ डिग्रीचा ड्रायव्हर माझ्या हातात त्याहूनही कमी लॉफ्टचा होत होता आणि वरून जास्त स्पिन देत होता.

डाग खाली येत असतील तर क्लब बदलण्याआधी टीची उंची बघा. क्लब जमिनीला टेकवल्यावर अर्धा चेंडू त्याच्या माथ्यावर दिसायला हवा. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत ठेवा. एवढ्यानेच डाग वर सरकला तर कदाचित नवीन ड्रायव्हर लागणारही नाही.

तिसरी पायरी: क्लब वर जाताना लागतो की खाली येताना

चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या दिशेला, हातभर अंतरावर गोल्फ चेंडूंचा रिकामा खोका आडवा ठेवा. चेंडू मारल्यावर क्लब खोक्यावरून गेला तर तुम्ही वर जाताना मारता. खोका उडाला तर खाली येताना मारता. एवढी सोपी चाचणी आहे.

व्यावसायिक खेळाडूंच्या आकड्यांतून याचा अर्थ उलगडतो. ट्रॅकमॅन या रडारच्या काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या सरासरीत पीजीए टूरवरच्या पुरुषांचा स्विंगचा वेग ताशी सुमारे ११३ मैल होता. ते किंचित खाली मारत, चेंडू जवळपास ११ डिग्रीने सुटे आणि कॅरी २७५ यार्ड होई. एलपीजीएच्या महिलांचा वेग सुमारे ९४ मैल. त्या ३ डिग्री वर मारत, चेंडू १३ डिग्रीच्या पुढे सुटे आणि कॅरी २१८ यार्ड. ९४ हा वेग क्लबात खेळणाऱ्या अनेक पुरुषांच्या आवाक्यातला आहे, ११३ नाही. टीव्हीवर पुरुषांचा टूर बघून त्यांच्यासारखा ड्रायव्हर घेण्यापेक्षा या महिलांचा फटका बघून शिकावं, हे मी कळकळीने सांगतो.

तुम्ही वर जाताना मारत असाल तर थोडा कमी लॉफ्टही चालतो, कारण उंची स्विंगमधूनच मिळते. खाली मारणाऱ्याने मात्र नुसता लॉफ्ट वाढवून भागत नाही. चेंडूला लागण्याच्या क्षणी क्लबचा झुकाव आणि क्लबची वर-खाली दिशा यांच्यात जितकं अंतर, तितका स्पिन. खालच्या दिशेने येणाऱ्या स्विंगमध्ये जास्त लॉफ्टचा क्लब दिला की हे अंतर वाढतं आणि चेंडू पतंग होतो. अशांनी आधी टी आणि चेंडूची जागा सुधारावी, आकडा नंतर.

चौथी पायरी: आकडा

आता कॅरी घ्या. १७० यार्डांच्या आत असेल तर १२ किंवा त्याहून जास्त. १७० ते २०० असेल तर ११ ते १२. २०० ते २२० वाल्यांनी साडेदहापासून सुरुवात करावी. २२० ते २४० असेल तर साडेनऊ ते साडेदहा, आणि त्यापुढे कॅरी असणाऱ्यांनीच ९ किंवा त्याखालचा विचार करावा. ही सुरुवातीची जागा आहे. दोन आकड्यांमध्ये अडलात तर मोठा घ्या.

छापलेल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कारखान्यातून निघताना एखाद्या डिग्रीचा फरक पडू शकतो. शिवाय फटक्याच्या वेळी शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, पुढे वाकतो आणि डोक्याचं वजन जितकं मागे असेल तितका फेस अधिक झुकतो. म्हणून दोन कंपन्यांचे साडेदहाचे ड्रायव्हर वेगवेगळे उडतात. पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला जाणं झालं तर मोजणी यंत्र असलेल्या ठिकाणी तासभर घालवा. जाताना स्वतःचे चेंडू आणि वरच्या तीन पायऱ्यांची टिपणं न्या, म्हणजे विकणाऱ्याऐवजी तुम्ही बोलाल.

तुलना करताना शाफ्ट तोच ठेवून फक्त लॉफ्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि सर्वांत चांगला फटका बघण्यापेक्षा दोन्ही क्लबांचे सर्वांत वाईट तीन फटके शेजारी ठेवून बघा. निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो.

फिरणारा गळा असेल तर

२००८ पासून नियमांनी लॉफ्ट बदलता येणारे क्लब चालतात. शाफ्ट डोक्याला जोडतो तिथल्या गळ्यात पाना घालून साधारण दीड-दोन डिग्री वर-खाली करता येतं. पण यात एक मेख आहे. गळा फिरवून लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू आधीच उजवीकडे जात असेल आणि त्याने लॉफ्ट कमी केला तर त्रास दुप्पट होतो. उलट लॉफ्ट वाढवला तर चेंडू उंचही जातो आणि सरळही. पान्याचा ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत घट्ट करा, त्यापुढे जोर लावू नका. खेळून आल्यावर गळा आणि स्क्रू कोरड्या फडक्याने पुसा, समुद्राची खारी हवा धातूला सोडत नाही. आणि लक्षात ठेवा, राउंड चालू असताना सेटिंग बदलून त्या क्लबने खेळणं नियमात बसत नाही.

वाऱ्याचं काय?

दुपारी समुद्रावरून वारा सुटला की राजबागला वाऱ्याच्या विरुद्ध मारताना चेंडू उभाच राहतो. म्हणून बरेच जण कमी लॉफ्टचा ड्रायव्हर घेतात. वाऱ्यात चेंडू चढतो तो मुख्यतः स्पिनमुळे, आणि जोर लावून मारलं की स्पिन आणखी वाढतो. त्यापेक्षा टी थोडी खाली करा, क्लब इंचभर आखूड धरा आणि तीन-चतुर्थांश जोराने, फेसच्या मध्यावर मारा. सकाळी सातला वारा नसतो आणि दुपारी उलट दिशेच्या होलवर तो पाठीमागून असतो तेव्हा जास्त लॉफ्टच कामाला येतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी बाकीच्या सगळ्या फटक्यांचा लॉफ्ट बिघडवू नये.

मी १२ वर आलो. त्याच कॅडीबरोबर पहिल्या होलच्या सुरुवातीला उभा राहिलो तेव्हा चेंडू नारळाच्या झावळ्यांच्या वर जाऊन अलगद खाली आला. कॅरी १८२ वरून १९६ झाली होती. दर वर्षी चतुर्थीनंतर, जमीन मऊ असेपर्यंत, मी तेच दहा चेंडू पुन्हा मोजतो आणि वहीत तारखेसह लिहितो. पाच यार्डांहून जास्त फरक दिसला तरच पाना बाहेर काढतो.