शिमल्याला जाताय? आधी पायऱ्या मोजा

भाच्याची बदली शिमल्याला झाली आणि घरात सगळे भाड्यावर बोलायला लागले. तिथे तीन वर्षं काढलेला मी एकटा, म्हणून फोन माझ्याकडे. "मामा, महिन्याला किती लागतील?" म्हटलं, भाडं नंतर विचार, आधी पायऱ्या विचार.

आम्हा नागपूरकरांना चढ ठाऊक तो सेमिनरी हिल्सचा, फार तर रामटेकच्या गडाचा. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर, शिमला 2,200च्या आसपास. तिथली बरीच घरं रस्त्याच्या वर नाहीतर खाली असतात. रस्त्याला लागून असेल तर भाडं चढं, दीडशे पायऱ्या उतरून असेल तर स्वस्त. पण वाचलेले पैसे दर महिन्याला थोडेथोडे जातातच. सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो, वर लोखंडाचं वजन, म्हणजे तीसेक किलोचा ऐवज कुणीतरी पाठीवर आणणार. तांदळाचं पोतं, गादी, कपाट, सगळ्याला हाच हिशोब. सामान वाहणाऱ्या काश्मिरी हमालांना तिथे सरसकट 'खान' म्हणतात. माझा फ्रिज एकाच माणसाने पाठीला दोर बांधून नेला. दर वळणाला भिंतीशी पाठ करून फ्रिज टेकवायचा, चार श्वास घ्यायचा, पुन्हा वाकायचा. भाव करायला जीभ उचलत नाही, तरी भाव आधी ठरवावा आणि नगावर ठरवावा.

म्हणून नागपुरातून सामान नेताना हात आखडता घ्या. कूलर तर नकोच. सागवानी पलंग, दिवाण, लोखंडी कपाट इथेच ठेवा. ट्रकवाल्याकडून 'घरपोच' म्हणजे कुठवर, हे कागदावर घ्या. माझ्या वाहतूकदाराच्या लेखी शिमला म्हणजे कार्ट रोड, खालचा गाड्यांचा रस्ता, एवढंच होतं. तिथे भर पावसात सामान उतरवून तो मोकळा झाला, आणि पुढच्या चढाचा खर्च माझ्या अंगावर पडला.

गाडीचंही तसंच. माल रोडवर वाहनं चालत नाहीत, आणखी काही रस्त्यांना परवाना लागतो, आणि पार्किंगचं भाडं घरभाड्याइतकंच गांभीर्याने विचारावं लागतं. त्यातून न्यायचीच असेल तर आरटीओची एनओसी घेऊन ठेवा. परराज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त राहिली की नव्याने नोंदणी करावी लागते. मी स्कूटर विकून टाकली आणि चांगले बूट घेतले. तळ खाचांचा हवा, गुळगुळीत सोलचे बूट बर्फावर पहिल्याच सकाळी आपटतात.

आता विजेचं. आपल्याकडे बिल फुगतं मे महिन्यात, तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी. कूलर 200 वॉटचा धरा, दहा तास चालवला तर 2 युनिट, महिन्याला 60. 2,000 वॉटचा हीटर रोज चार तास लावला तर 8 युनिट, महिन्याला 240. आणि तो एका खोलीचा, गीझर वेगळाच. म्हणून घर बघताना दुपारी जाऊन बघा: ऊन कोणत्या खोलीत येतं, किती वाजेपर्यंत टिकतं. डोंगराच्या सावलीतलं घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, भिंती पावसाळ्यात बुरसतात आणि हिवाळ्यात गारठतात. वीज वाचवायला कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावून झोपणं हा तर जिवाशी खेळ. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर हवा खेळायला झरोका आहे का, तेही बघा.

पाण्याबद्दल घरमालकाला विचारायचे प्रश्न दोनच: किती दिवसांआड येतं, आणि माझ्या वाटणीची टाकी केवढी. 2018च्या मे महिन्यात तिथे पाण्याची इतकी ओढ झाली की लोक बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. कडाक्याच्या थंडीत नळात पाणी गोठतं, तेव्हा रात्री एक बादली भरून ठेवायची. टाकीचं झाकण घट्ट हवं, माकडं ते उघडतात. गच्चीवर कपडे वाळत घातले तर तिथेच बसून राहा.

स्वयंपाकघरात पहिला धक्का वरणाचा. तेवढ्या उंचीवर पाणी साधारण 93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात लावलेली तुरीची डाळ तासभर नुसती नाचते. कुकर चांगला न्या, रबराच्या दोन रिंगा जास्तीच्या न्या, आणि डाळ रात्री भिजवा. गॅस थोडा जास्तच जळतो. राजमा, भाजीपाला, सफरचंद यांची चिंता नाही. ज्वारीचं पीठ आणि सावजी मसाला मात्र इतवारीतून बांधून न्या. पावसाळ्यात मसाला काचेच्या बरणीतच ठेवा, माझा पहिल्याच वर्षी गोळा झाला.

गरम कपडे इथून ढीगभर घेऊ नका. नागपुरी थंडीचे स्वेटर तिथे सप्टेंबरात संपतात. आतले थर्मल तेवढे न्या, जाड जाकीट लक्कड बाजार किंवा लोअर बाजारात बघा.

कागद पटकन सांगतो. गॅस जोडणी जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद घ्या, अनामत परत मिळते. भाडेकरार आणि पोलीस पडताळणी तिथे गेल्यागेल्या. भाड्याने राहायला अडचण नाही, पण तिथे रमून प्लॉट घ्यायचं मनात आलं तर कलम 118 आडवं येतं: 1972च्या जमीन सुधारणा कायद्याप्रमाणे जो हिमाचलातला शेतकरी नाही, त्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही.

जायचं कधी? नागपूर तापलं की पळावंसं वाटतं, पण मे-जूनमध्ये पर्यटकांमुळे हॉटेलं महाग आणि पाणी कमी. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी, त्यात सफरचंदाचे ट्रक. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. दिल्लीमार्गे काळका, तिथून 1903 सालची छोटी गाडी, 96 किलोमीटर, पाचेक तास. डब्यात जागा बेताची, तेव्हा बॅगा दोनच.

आणि हो, अनामत आणि पहिल्या महिन्याच्या भाड्यासोबत पहिल्या हिवाळ्याचे पैसेही आधीच वेगळे काढा. हीटर, रजया, बूट, बिल सगळं एकदम येतं.

परवा भाच्याचा फोन आला, घर बघायला गेला होता. बोलवत नव्हतं, नुसता धापा टाकत होता. मी वाट पाहिली.

"मामा, एकशे अठरा."

"चढून की उतरून?"

"उतरलो तेव्हा मोजल्याच नाहीत. आत्ता चढलो."

त्याचा फ्रिज सध्या माझ्याकडे आहे.